आमदाराचे मत एकशे पंच्याहत्तर का?

कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्हांला आजवर जे प्रश्न विचारले गेले, त्यांतील बहुतेकांची उत्तरे आम्ही तेथल्या तेथे दिली. काही चुकलीही असतील, पण दिली. एका प्रश्नापुढे मात्र आम्ही निरुत्तर झालो. आमची शाळा सातवीतच सुटलेली. त्यामुळे उत्तर येत नसले की वाचनालयाची पायरी चढायची, ही आमची जुनी सवय. त्या प्रश्नाने आम्हांला तीन संध्याकाळ वाचनालयात बसविले. तेथे जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२००७ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. त्या महिन्याच्या २१ तारखेला राष्ट्रपतिपदाचा निकाल लागला आणि प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. जळगाव जिल्ह्यातील नाडगावचा जन्म, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिक्षण, १९६२ साली जळगावातूनच प्रथम विधानसभेवर निवड, आणि पुढे अनेक वर्षे एदलाबादचे, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचे, प्रतिनिधित्व. देशाच्या सर्वोच्च पदावर बसणारी पहिली स्त्री आपल्या खानदेशची निघाली म्हटल्यावर पेढे वाटले जाणारच. त्यांच्या पक्षाशी ज्यांचे कधी जमले नाही, त्यांनीही ते खाल्ले. आम्हीही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आमच्या कचेरीत वर्ग होता. बाजार समितीतील एका हमालभाऊंनी वर्तमानपत्र पुढे केले. त्यात छापले होते : प्रतिभाताईंना ६,३८,११६ मते, भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मते. हमालभाऊ म्हणाले, "भाऊ, ही निवडणूक आमदार-खासदार करतात, असं तुम्हीच सांगितलं. सगळ्या देशात ते पाच हजारही नाहीत. मग ही साडेनऊ लाख मतं टाकली कोणी?"

आम्ही म्हणालो, "ती डोकी नव्हेत, ते मतांचे मूल्य आहे. आपल्या आमदाराचे एक मत १७५ धरतात."

"एकशे पंच्याहत्तरच का? दोनशे का नाही?"

आम्ही गप्प. तेवढ्यात डाळमिलमध्ये निवडणीचे काम करणाऱ्या, अमळनेरकडच्या एका मावशींनी हळूच विचारले, "भाऊ, ह्यामा आमनं काय शे?" यात आमचे काय आहे?

हमालभाऊंचा प्रश्न हिशेबाचा होता. मावशींचा प्रश्न त्याहून मोठा होता. पण हिशेब सुटल्याखेरीज दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही, म्हणून आधी हिशेबच करू.

मत कोणाला आहे, कोणाला नाही

राष्ट्रपतींची निवड कशी करावी हे आपल्या राज्यघटनेच्या ५४ व ५५ या दोन कलमांत सांगितले आहे. मतदार कोण? तर संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली व पुदुच्चेरी येथील विधानसभांचे सभासदही यात घेतले गेले. 'निवडून आलेले' हे शब्द नीट ध्यानात ठेवावेत. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेले बारा विद्वान या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. आपल्या विधान परिषदेच्या आमदारांनाही मत नाही. ज्याला थेट लोकांनी निवडले तो आमदार, आणि लोकांनी किंवा लोकांच्या आमदारांनी निवडलेला तो खासदार, एवढेच या यादीत बसतात.

मग थेट लोकांनाच मत का दिले नाही? हा प्रश्न घटना घडत असतानाही विचारला गेला होता. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा हे घटना समितीत होते. राष्ट्रपती सर्व प्रौढ नागरिकांच्या मतांनी निवडला जावा, असा आग्रह त्यांनी धरला. समितीने तो मानला नाही. कारण असे दिले गेले की, आपल्या पद्धतीत खरी सत्ता लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाच्या हाती आहे. ज्याला साऱ्या देशाने थेट निवडले तो मंत्रिमंडळाचे ऐकून स्वस्थ कसा बसेल? एका म्यानात दोन तलवारी ठेवल्यासारखे होईल. शिवाय एवढ्या मोठ्या देशात एका पदासाठी कोट्यवधींचे मतदान घेण्याचा खर्च व खटाटोप होताच. गंमत अशी की, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हेच प्रा. शहा त्याच पद्धतीने राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मते पडली आणि शहांना ९२,८२७.

इतके जुने आकडेही लाखांत आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. म्हणजे मत तोलण्याची ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे.

आमदाराच्या मताचे गणित

गणित पाचवीच्या मुलालाही सुटेल असे आहे. राज्याची लोकसंख्या घ्या. तिला विधानसभेच्या निवडून आलेल्या सभासदांच्या संख्येने भागा. म्हणजे एका आमदाराच्या मागे किती माणसे आहेत ते कळते. त्या संख्येला हजाराने भागा. बाकी पाचशे किंवा अधिक उरली तर एक वाढवा, कमी उरली तर सोडून द्या. जे येते ते त्या राज्यातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य.

आता महाराष्ट्राचे करून पाहू. हिशेबासाठी धरलेली लोकसंख्या ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागाकार येतो १,७५,०४२. हजाराने भागले की १७५, आणि बाकी ४२. ती पाचशेहून कमी म्हणून सोडली. राहिले १७५. हमालभाऊ, दोनशे का नाही याचे उत्तर हे. एका आमदारामागे पावणेदोन लाख माणसे धरली आहेत, आणि दर हजार माणसांमागे एक मत.

गोव्याचे पाहू. लोकसंख्या ७,९५,१२०, आमदार ४०. एकामागे १९,८७८. हजाराने भागले तर १९ आणि बाकी ८७८. बाकी पाचशेच्या वर आहे, म्हणून मूल्य २०. सिक्कीमच्या आमदाराचे मत ७, केरळचे १५२, तमिळनाडूचे १७६, उत्तर प्रदेशचे २०८. उत्तर प्रदेशचे सर्वांत जड.

आता आपल्या घरचा हिशेब. जळगाव जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत, धुळे जिल्ह्यात पाच, नंदुरबार जिल्ह्यात चार. अकरा आमदारांचे १,९२५, पाचांचे ८७५, चौघांचे ७००. सगळ्या खानदेशचे मिळून ३,५००. गोव्याच्या संपूर्ण विधानसभेचे, चाळीसच्या चाळीस आमदारांचे, होतात ८००. म्हणजे धुळे जिल्ह्याचे पाच आमदार साऱ्या गोव्याला भारी पडतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, हा गोव्यावर अन्याय नव्हे काय? आमदार तो आमदार. पणजीचा काय आणि शिरपूरचा काय! आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. पण संघटनेच्या कामात पाहिलेला एक प्रसंग आठवला आणि शंका फिटली.

फार वर्षांपूर्वी आम्ही एका महासंघाच्या अधिवेशनाला गेलो होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. महासंघात लहानमोठ्या पुष्कळ युनियन होत्या. कोणाचे सभासद दीडशे, कोणाचे सहा हजार. प्रत्येकीचे प्रतिनिधी मात्र दोन. संपनिधीसाठी दर सभासदामागे ठराविक वर्गणी द्यावी, असा ठराव आला आणि हात वर करून मते घेतली गेली. लहान युनियनचे हात पुष्कळ, ठराव झाला. पैसा मात्र बहुतेक त्या सहा हजारवाल्यांनाच द्यावा लागणार होता, आणि त्यांचे हात दोनच! ते सभा सोडून निघून गेले. पुढच्या अधिवेशनात रीत बदलली. प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती त्याच्यामागच्या सभासदांचा आकडा लिहिलेले कार्ड दिले गेले. हात मोजण्याऐवजी कार्डावरचे आकडे मोजले. तेव्हा आम्हांला उमगले की, प्रतिनिधी उभा राहतो तेव्हा तो एकटा उभा नसतो. त्याच्यामागे रांग असते, आणि मोजायची ती रांग.

आमदाराच्या मताचे १७५ हे तसलेच कार्ड आहे. ते आमदाराच्या मोठेपणाचे माप नाही. त्याच्यामागच्या रांगेचे माप आहे. पणजीच्या आमदारामागे वीस हजारांची रांग धरली आहे, शिरपूरच्या आमदारामागे पावणेदोन लाखांची. माणसागणिक पाहिले तर दोन्हीकडे हजारामागे एकच मत. घटनेच्या ५५ व्या कलमात राज्याराज्यांच्या प्रतिनिधित्वात एकसारखेपणा असावा असे म्हटले आहे, त्याचा अर्थ हाच.

खासदाराचे मत

आता खासदाराकडे वळू. येथे घटनेने दुसरे तत्त्व धरले. राष्ट्रपती एकट्या दिल्लीचा नाही, सर्व राज्यांचाही आहे. म्हणून तराजूच्या एका पारड्यात सगळ्या विधानसभा आणि दुसऱ्यात संसद ठेवली, आणि दोन्ही पारडी सारखी असावीत असे ठरविले. सर्व राज्यांतील आमदारांच्या मतांच्या मूल्यांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचे. अर्ध्याहून मोठा अपूर्णांक उरला तर एक धरायचा.

२००७ साली आमदारांची बेरीज होती ५,४९,४७४. खासदार लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३, मिळून ७७६. भागाकार ७०८. ७७६ गुणिले ७०८ म्हणजे ५,४९,४०८. दोन पारड्यांत फरक पडला अवघ्या ६६ चा. सोन्याच्या काट्यालाही लाज वाटावी असा हा तोल आहे.

२०१७ सालीही खासदाराचे मत ७०८ च होते. पण २०२२ च्या निवडणुकीत ते ७०० झाले. ही आठांची घट कोठून आली? रावेरच्या, जळगावच्या, धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या खासदाराने काही केले नव्हते. कारण होते दूर काश्मिरात. २०१९ साली जम्मू-काश्मीर राज्याचे केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर झाले आणि २०२२ साली तेथे विधानसभाच नव्हती. तेथले ८७ आमदार, प्रत्येकाचे मत ७२, एकूण ६,२६४. आमदारांच्या पारड्यातून तेवढे वजन निघाले. मग तोल राखण्यासाठी खासदारांचे पारडेही हलके करावे लागले. ५,४३,२३१ ला ७७६ ने भागले की ७०० येतात. श्रीनगरची विधानसभा रिकामी झाली आणि रावेरच्या खासदाराचे मत हलके झाले! एकाचे दुखले तर दुसऱ्याला कळ लागावी, असे आम्ही कामगारांना सांगत असतो. घटनेच्या गणितात ते आपोआप घडते.

त्या वर्षीच्या हिशेबाने पाहिले तर एका खासदाराचे मत आणि नंदुरबार जिल्ह्यातील चार आमदारांची मते यांचे वजन अगदी सारखे होते. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांचे ५०,४०० आणि ६७ खासदारांचे ४६,९०० मिळून ९७,३०० झाले. साऱ्या देशाचे होते १०,८६,४३१. म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ.

मोजणी आणि दुसरी पसंती

मते तोलून झाली, आता मोजायची कशी? येथे फुली मारायची नसते. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे असतात. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी. वैध मतांच्या एकूण मूल्याची निम्मी अधिक एक एवढी मते मिळवील तो निवडून आला. पहिल्या पसंतीत कोणाचेही तेवढे झाले नाही तर सर्वांत मागे असलेल्या उमेदवाराला बाद करायचे, आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याला असेल त्याच्या ढिगात त्या त्याच वजनाने घालायच्या. कोणी तरी निम्म्याच्या पलीकडे जाईपर्यंत हे चालू ठेवायचे.

२००७ साली याची गरज पडली नाही. वैध मते ९,६९,४२२, निम्मी अधिक एक म्हणजे ४,८४,७१२. प्रतिभाताई पहिल्याच मोजणीत कितीतरी पुढे होत्या. पण १९६९ साली या दुसऱ्या पसंतीवरच निकाल लागला, आणि ती हकीकत कामगारांनी तर विसरूच नये.

१९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. निवडणुकीत मुख्य उमेदवार तीन होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. अपक्ष उभे राहिलेले व्ही. व्ही. गिरी, ज्यांचे आयुष्य रेल्वे कामगारांच्या संघटना बांधण्यात गेले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून १९५४ साली केंद्रातील मजूरमंत्रिपद सोडून देणारे तेच हे गिरी. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. त्यांना जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांचा पाठिंबा होता. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आपल्या पक्षाच्या सभासदांना सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्यास सांगितले, आणि पक्षात उभी फूट पडली.

पहिल्या पसंतीची मते अशी : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. वैध मते ८,३६,३३७. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. गिरी पहिले होते, पण साडेसोळा हजारांहून अधिक मते कमी पडत होती. मग मागचे उमेदवार एकामागून एक बाद झाले, शेवटी देशमुखही झाले. त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बव्हंशी रेड्डींना होती. रेड्डी झपाट्याने वर आले आणि ४,०५,४२७ पर्यंत पोहोचले. गिरी मात्र ४,२०,०७७ वर गेले आणि निवडून आले. आवश्यक मतांहून अवघी १,९०८ अधिक. आजच्या महाराष्ट्राच्या हिशेबात ही अकरा आमदारांची मते होतात. जळगाव जिल्ह्यात आमदार अकराच आहेत!

येथे आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाला आदेश काढता येत नाही. विधानसभेत पक्षाविरुद्ध मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. येथे तसे होत नाही. म्हणूनच २००७ साली शिवसेनेने आपल्या आघाडीच्या उमेदवाराला सोडून मराठी म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कोणाला काही करता आले नाही. घटनेने आमदाराच्या हाती १७५ चे कार्ड दिले आणि ते कोणापुढे टाकायचे हे त्याच्या बुद्धीवर सोपविले.

अमेरिकेत काय होते

आपल्या या पद्धतीची तुलना पुष्कळदा अमेरिकेशी केली जाते, ती थोडी तपासून पाहावी. तेथे लोक अध्यक्षासाठी मतदान करतात, पण मोजले जातात ते राज्यांचे निवडमंडळ-सभासद. सगळे मिळून ५३८. जिंकायला हवेत २७०. प्रत्येक राज्याला त्याच्या दोन सेनेटरांइतके आणि प्रतिनिधिगृहातील सभासदांइतके निवडक मिळतात. राज्य कितीही लहान असो, तिहींहून कमी मिळत नाहीत. त्यामुळे लहान राज्यातील माणसाच्या मताचे वजन मोठ्या राज्यातील माणसाहून अधिक पडते. त्यातून बहुतेक राज्यांत ज्याला एक मत अधिक, त्याला त्या राज्याचे सर्वच्या सर्व निवडक. परिणामी २००० आणि २०१६ या दोन्ही साली देशभरात कमी मते मिळविणारा उमेदवार अध्यक्ष झाला.

आपल्याकडे राज्याची मते अशी एकगठ्ठा जात नाहीत. महाराष्ट्रातील दोनशे आमदार एकीकडे गेले तरी उरलेल्या अठ्ठ्याऐंशींची मते ज्याची त्यालाच पडतात, त्यातले एकही वाया जात नाही. लहान राज्याला वाढीव वजन नाही आणि मोठ्याला घट नाही. हजारामागे एक, हा नेम सर्वांना सारखा. निदान कागदावर तरी सारखा.

पण ही माणसे कोणत्या सालची?

'कागदावर' असे आम्ही का म्हटले ते आता सांगतो. चाणाक्ष वाचकांना वर एक आकडा खटकला असेल. महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी? ती तर २०११ च्या जनगणनेतच ११,२३,७४,३३३ भरली होती.

पाच कोटींचा आकडा १९७१ च्या जनगणनेचा आहे. मूळ घटनेत शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची लोकसंख्या धरावी असे होते. १९७६ च्या बेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ चे आकडे २००० सालापर्यंत गोठविले. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत वाढवून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत नेली. कारण स्वच्छ होते. सरकारने राज्यांना सांगितले, कुटुंबनियोजन करा. ज्यांनी ते मनापासून केले त्यांची लोकसंख्या कमी वाढली. आता नव्या आकड्यांनी वजन केले तर ज्यांनी ऐकले त्यांचेच वजन घटणार. ही शिक्षा होऊ नये म्हणून काटा जागच्या जागी बांधून ठेवला.

बांधलेला काटा सोडला तर काय होईल, ते २०११ च्या आकड्यांवरून आम्ही वहीत करून पाहिले. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ चे ३९० होईल. तमिळनाडूचे १७६ चे ३०८. केरळचे १५२ चे २३९. उत्तर प्रदेशचे २०८ चे ४९६. आकडे सर्वांचेच वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. आज तमिळनाडूचा आमदार आपल्या आमदाराहून एका मताने जड आहे; तेव्हा तो आपल्याहून ब्याऐंशींनी हलका होईल. उत्तर प्रदेशापुढे मात्र आपणही थोडे मागे सरू. केरळचा आमदार आज उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या जवळजवळ तीनचतुर्थांश भरतो. तेव्हा तो निम्म्याहून कमी भरेल.

यातला न्याय कोणता? आम्ही पुन्हा आमच्या महासंघाकडे जातो. तेथे एक नियम होता : कार्डावरचा आकडा सभासदांच्या चालू नोंदवहीवरून काढायचा. पन्नास वर्षांपूर्वीची वही दाखवून कोणी कार्ड मागितले तर त्याला हसले असते. माणसे मोजायची तर आजची मोजली पाहिजेत, हे आम्हांला निर्विवाद वाटते. पण त्याच महासंघात असेही पाहिले की, एका युनियनने सर्वांच्या सांगण्यावरून, सर्वांच्या हितासाठी आपले काही सभासद दुसऱ्या युनियनला दिले होते. नवी वही उघडली तेव्हा तिचे कार्ड लहान झाले. तिने विचारले, "तुमचे ऐकले ही आमची चूक झाली काय?" तो प्रश्नही खरा होता. तेव्हा वही नवी करावी लागेल. पण ज्यांचे वजन घटणार आहे त्यांना शेजारी बसवून, त्यांचे म्हणणे ऐकून ती करावी. एकाचे वजन त्याच्या पाठीमागे कमी करणारी संघटना टिकत नाही. देशही एक संघटनाच आहे.

मावशींना दिलेले उत्तर

तीन संध्याकाळच्या वाचनानंतर आम्ही पुढच्या वर्गात हे सारे गणित फळ्यावर मांडले. हमालभाऊंनी स्वतः खडू घेऊन भागाकार करून पाहिला आणि १७५ आल्यावर त्यांचे समाधान झाले. मग मावशींकडे वळलो.

आम्ही विचारले, "मावशी, बांगलादेशची लढाई झाली त्या साली तुम्ही केवढ्या होत्या?"

त्या म्हणाल्या, "परकर घालत होते. लग्न पुढं दोन वर्षांनी झालं."

"मग तुम्ही यात आहात. त्या सालच्या वसंतात मोजणीदार तुमच्या घरी आला असेल, त्याने तुमचे नाव कागदावर घेतले असेल. ती पाच कोटी माणसे जी मोजली, त्यांत तुम्ही एक. तुमच्यासारखी हजार माणसे एकत्र केली तेव्हा आमदाराच्या कार्डावर एक आकडा चढला. आमदार ते कार्ड हाती धरतो, पण ते त्याच्या मालकीचे नाही. त्यातला हजारावा भाग तुमचा आहे."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि माझी दोन पोरं?"

पोरे १९७१ नंतरची. आम्ही खरे ते सांगितले : ती यात नाहीत. आणि आम्हीही नाही. आमचा जन्म १९७२ चा, दुष्काळाच्या सालचा. कामगारांचे पुढारी म्हणून आम्ही त्या वर्गात आकडे शिकवीत होतो, आणि त्या आकड्यांत आम्ही स्वतः नव्हतो. मोजल्या गेल्या होत्या त्या मावशी.

वाचकांपैकी ज्यांचा जन्म १९७१ नंतरचा असेल त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. तुम्ही आमदार निवडला, खासदार निवडला. पण राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्या आमदाराच्या हाती जे कार्ड गेले ते तुमच्या आईबापांच्या, आजी-आजोबांच्या डोक्यांवरून भरलेले होते. म्हणून मोजणीदार दाराशी येतो तेव्हा त्याला उन्हात ताटकळत ठेवू नये. घरातली सर्व माणसे सांगावीत; कामासाठी सुरतेला गेलेला मुलगा, ऊसतोडीला गेलेले बिऱ्हाड, वीटभट्टीवरचे जोडपे, कोणी सुटले का ते पाहावे. गरिबाचे नावच आधी सुटते, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे. मग ती रेशनची यादी असो, हजेरीपट असो की जनगणना असो.

याच जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. स्वतंत्र भारताची घटना लोकांनी निवडलेल्या घटना समितीने करावी, ही मागणी तेथे मांडली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांनी बैलगाड्या जुंपून ते ऐकले. त्यांनी मागितलेली घटना आपल्या हाती आहे, आणि तिच्यात शेतमजुराचे व शेठजीचे वजन सारखे धरले आहे : हजारात एक. ते वजन नीट मोजले जाते की नाही हे पाहण्याचे काम मात्र घटनेने कोणा अधिकाऱ्यावर सोपवून आपल्याला मोकळे केलेले नाही. ते मावशींसारखा प्रश्न विचारणाऱ्यांनीच करावयाचे आहे.